गांवच्या पिण्याच्या पाण्याची राखण

शेतकरी आपल्या बांधाची राखण करतो, खळ्यावरील धान्याची करतो, गोठ्यांतील गुरांचीही करतो. ह्या सर्वांस एकेक धनी असतो, म्हणून त्यांस राखणदारही मिळतो. गांवच्या पिण्याच्या विहिरीची गोष्ट वेगळी आहे. तिचें पाणी प्रत्येक घरच्या हंड्यांत जातें. पण तिच्या आसपास काय चाललें आहे तिकडे लक्ष देणें हें कोणाचेंच काम नसतें. विहीर आटली किंवा पाणी नासलें म्हणजे मग धांवाधांव सुरू होते, अर्ज लिहिले जातात आणि टँकरची वाट पाहत गांव बसतें.

प्रस्तुत लेखकाचें बहुतेक आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. टंचाईच्या वर्षीं तहसिलींत गांवोगांवचे कागद येत. एका कागदावर सार्वजनिक विहीर कोरडी पडल्याचा पंचनामा असे. आणि त्याच गांवच्या पिकांच्या नोंदवहींत, त्याच शिवारांत, विहिरीवर भिजणाऱ्या उसाचें व फळबागांचें क्षेत्र लिहिलेलें असे. एक कागद म्हणे, गांवांत पाणी नाहीं. दुसरा म्हणे, आहे. नवल असें कीं, दोन्ही कागद खरे होते. पाणी होतें, पण तें गांवच्या विहिरींत नव्हतें. हें कसें घडतें आणि तें टाळण्यासाठीं आपण जमीनधारक काय करूं शकतों, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

खडकांतील कोठार

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा पाषाण झाला. गंगेच्या खोऱ्यांत खोल गाळ आहे व त्यांत पाण्यास राहावयास जागा पुष्कळ आहे. आपल्याकडे तशी नाहीं. अखंड काळ्या दगडांत पाणी शिरत नाहीं. तें राहतें वरच्या मुरमाच्या थरांत आणि त्याखालच्या खडकाच्या भेगांत व सांध्यांत. आपल्या वाडवडिलांच्या विहिरी बहुधा तीस-चाळीस फूट खोल असत, त्यांस पाणी मिळे तें ह्याच थरांतून.

हा मुरूम पाण्यानें तुडुंब भरला, तरी त्यांतून उपसतां येणारें पाणी त्याच्या आकारमानाच्या शेंकडा एक ते तीन इतकेंच असतें. शेंकडा दोन धरलें, तर दहा फूट जाडीच्या भिजलेल्या मुरमांतून निघणारें पाणी म्हणजे जमिनीवर उभें केलेलें अवघें अडीच इंच पाणी होय. इतकें आपलें कोठार लहान आहे. शिवाय सर्व्हे नंबरची हद्द जमिनीच्या पाठीवर असते, पोटांत नसते. एका विहिरीचें पाणी उपसलें कीं भोंवतालचें पाणी तिच्याकडे वाहूं लागतें आणि शेजारच्या विहिरीची पातळी खालीं बसते. जी विहीर अधिक खोल आणि जिच्यावरील पंप अधिक जोराचा, ती इतरांचें पाणी ओढते. गांवची पिण्याची विहीर बहुधा जुनी व उथळ असते. म्हणून पहिला तळ उघडा पडतो तो तिचाच.

विंधन विहीर, जिला आपण सर्रास बोअर म्हणतों, तिच्यामुळें ह्या व्यवहारांत आणखी भर पडली. बोअरचें भोंक दोनशें-तीनशें फूट सहज जातें. वरच्या भागांत बसवावयाची केसिंगची नळी नीट बसविली नसेल, तर मुरमांतील पाणी त्या भोंकावाटें खालच्या भेगांत उतरतें. म्हणजे जी बोअर फुकट गेली असें आपण समजतों, तीही शेजारच्या विहिरीचें नुकसान करीत राहूं शकते. आणि खोल जावें तों पाणी चांगलेंच लागेल, हाही भरंवसा नाहीं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतील कांहीं गांवीं भूगर्भांतील पाण्यांत फ्लोराइड हा क्षार मर्यादेबाहेर सांपडला आहे. लिटरमागें दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर दांत डागाळतात व पुढें हाडें आणि सांधे आखडतात. तेव्हां वरचें उथळ पाणी संपवून खोल पाण्याच्या मागें लागणें हा तोट्याचा सौदा आहे.

पाण्याचा जमाखर्च

कारकुनाच्या हातीं दुसरें कांहीं नसलें तरी जमाखर्च असतो. तो एका गांवापुरता मांडून पाहूं. वर्षाला ५०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें वीस इंच पाऊस पडणारें, १,००० वस्तीचें गांव घ्या. आपल्या पाषाणाच्या प्रदेशांत पडलेल्या पावसाचा शेंकडा सात ते तेरा भाग जमिनींत मुरतो, असें भूजलाच्या सरकारी मोजणींत धरतात. आपण शेंकडा दहा धरूं. म्हणजे दर एकरीं सुमारें दोन लाख लिटर पाणी मुरलें. गांवच्या विहिरीभोंवतीं ५०० मीटर त्रिज्येचें एक वर्तुळ काढलें, तर त्यांत सुमारें १९४ एकर जमीन येते. तेव्हां ह्या वर्तुळाची वर्षाची जमा झाली सुमारें ३ कोटी ९० लाख लिटर.

आतां खर्च पाहूं. जलजीवन मिशनमध्यें माणशीं दररोज ५५ लिटर हें माप धरलें आहे. त्याप्रमाणें १,००० माणसांस वर्षाला २ कोटी लिटर लागतात. दोनशें गुरें धरून त्यांस दररोज ५० लिटर दिले, तर आणखी ३६ लाख लिटर झाले. माणसें व जनावरें मिळून खर्च २ कोटी ३६ लाख; शिल्लक उरली सुमारें दीड कोटी.

ही शिल्लक मोठी दिसते, पण तिला कितीसें पीक भिजतें? उसाला वर्षाकाठीं सुमारें २,००० मिलिमीटर पाणी लागतें. पावसाचे ५०० त्यांतून वजा केले, तरी १,५०० मिलिमीटर वरून द्यावें लागतें. म्हणजे एकरीं ६० लाख लिटर. ह्या हिशेबानें दीड कोटी लिटर अडीच एकर उसांत संपतात. हेंच पाणी हरभऱ्यास दिलें व प्रत्येकीं सहा सेंटिमीटरचीं दोन पाणी धरलीं, तर एकरीं पांच लाख लिटर पुरतात आणि तीस एकर हरभरा निघतो.

हा केवळ मासला आहे. भूगर्भांतील कांहीं पाणी ओढ्यास मिळतें, पाटानें दिलेल्या पाण्यापैकीं कांहीं परत मुरतें, आणि कोणत्याही विहिरीचें क्षेत्र कंपासानें काढल्यासारखें वाटोळें नसतें. तरीही मुख्य गोष्ट बदलत नाहीं. पाऊस निम्मा पडला, तर जमा दोन कोटींच्या आंत येते आणि माणसांच्या पाण्यासच ती पुरत नाहीं. त्या वर्षीं ह्या वर्तुळांत एक एकर ऊस जगविला, तर तीनशें माणसांचें वर्षभराचें पाणी त्या एका एकरास गेलें असें समजावें. पंचनामा आणि पीकनोंद हे दोन्ही कागद एकाच वेळीं खरे कसे असतात, त्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

कायद्याची मर्यादा

आपल्या जमिनीखालचें पाणी आपलें, ही समजूत निराधार नव्हती. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टांत, निश्चित प्रवाहांतून न वाहणारें जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत घेण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केलेला आहे. परंतु तो कायदा झाला तेव्हां मोट होती. बैलांच्या जोरावर चालणाऱ्या मोटेला स्वतःचीच मर्यादा होती. बैल थकले कीं उपसा थांबे. विजेचा पंप थकत नाहीं. म्हणून हक्काला नवी मर्यादा घालणें भाग पडलें.

देशाच्या १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतींत पाण्याच्या वांटपांत पिण्याच्या पाण्यास पहिलें स्थान दिलें गेलें. पुढें १९९३ सालीं महाराष्ट्रानें केवळ पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठीं भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेऊं नये, असा निर्बंध त्यानें घातला. आणि टंचाईग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रांत एक किलोमीटरच्या आंतील विहिरींच्या उपशावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांस दिला. त्याची जागा घेणारा २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ सालीं अंमलांत आला. पिण्याच्या उद्भवांचें संरक्षण त्यांतही आहे. शिवाय ६० मीटर व त्याहून खोल विहिरीस त्यानें खोल विहीर ठरवून अधिसूचित क्षेत्रांत तिच्यावर बंधन घातलें आहे.

हीं कलमें पुष्कळांस ठाऊक नसतात, आणि ज्यांस ठाऊक असतात ते बोअरची गाडी रात्रीं बोलावितात. शेजारी पाहतो, पण तक्रार करीत नाहीं. कारण पुढल्या वर्षीं त्यालाही बोअर घ्यावयाची असते. कायदा वाईट आहे असें नव्हे. पण ज्या गांवानें तो आपला मानला नाहीं, त्या गांवांत तहसिलींतून येणाऱ्या नोटिशीनें विहिरींत पाणी येत नाहीं, हा अनुभवाचा भाग आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या कमी पावसाच्या गांवचा दाखला येथें उपयोगी पडेल. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. त्यानंतर गांवानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. हें काम इतर गांवींही झालें आहे. हिवरे बाजारचें विशेष तें ह्यापुढचें आहे. शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं असें गांवानें ठरविलें. फार पाणी पिणाऱ्या पिकांस आवर घातला. आणि दरवर्षीं पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून, पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं हें ग्रामसभेंत ठरवूं लागले. नुसती जमा वाढवून भागत नाहीं. खर्चाला शिस्त लागते, हें त्या गांवानें दाखवून दिलें.

पाणी सर्वांचें असेल तरच सुरक्षित

येथें आणखी एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. ज्या पाणवठ्यावर गांवचा कांहीं भाग येऊंच शकत नाहीं, तो पाणवठा सार्वजनिक म्हणवीत नाहीं. रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. तरी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा वाद न्यायालयांत १९३७ पर्यंत चालला. आज राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें ह्या बाबतींत शंकेस जागा ठेवलेली नाहीं. तेव्हां राखणीचा विचार करतांना गांवठाणांतील मुख्य विहिरीबरोबरच वाडीवस्तीवरील विहीर व हातपंप ह्यांची व्यवस्थाही त्याच कसोटीनें पाहावी. एका वस्तीच्या पाण्यांत शिरलेला पटकीचा अथवा काविळीचा रोग दुसऱ्या वस्तीच्या वेशीवर थांबत नाहीं.

पाणी निर्मळ राखण्याचे नियम

पाणी असणें ही अर्धी गोष्ट झाली. तें पिण्याजोगें असणें ही उरलेली अर्धी. ह्या बाबतींत नारूचा इतिहास उत्साह देणारा आहे. ज्या पायविहिरींत माणसें उतरून पाणी भरत, तेथें रोग्याच्या पायांतून नारूचे जंतू पाण्यांत जात आणि तें पाणी पिणाऱ्यास वर्षभरानें नारू होई. ह्या रोगावर लस नाहीं व तो मारणारें औषधही नाहीं. पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्यानें गाळून घेण्याची संवय लावली, पाण्यांत औषध टाकलें; एवढ्यानेंच हा रोग हटला. शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. नुसती पाणवठ्याची राखण केल्यानें एक रोग देशांतून नाहींसा होतो, ह्याहून मोठा पुरावा तो कोणता?

विहीर कशी असावी, ह्याचे नियम साधे आहेत. वरचे वीस फूट बांधकाम पक्कें असावें, म्हणजे पृष्ठभागावरचें घाण पाणी झिरपून आंत जात नाहीं. कांठाला अडीच फुटांचा कठडा, भोंवतीं निदान तीन फूट रुंद सिमेंटचा ओटा, आणि ओट्यावरचें पाणी दूर नेणारी नाली असावी. तोंडावर झांकण व लोखंडी जाळी असावी. धुणें, आंघोळ व गुरांचें पाणी ह्यांस विहिरीजवळ जागा देऊं नये. गुरांसाठीं हाळ दूर बांधावा. उकिरडा, शौचकूप आणि शोषखड्डा निदान पन्नास फूट दूर असावे. आपल्या भेगाळ खडकांत त्याहून दूर बरे, आणि चढाच्या बाजूस तर मुळींच नसावे. २०१४ नंतर खेड्यांत घरोघर शौचकूप झाले ही चांगली गोष्ट झाली. पण त्यांचे खड्डे विहिरीच्या वरच्या अंगास आहेत काय, हें मोजून पाहणें आतां आवश्यक झालें आहे.

आपल्या शेतांतूनही पाणी बिघडतें. युरियाचा जो अंश पिकास लागत नाहीं, तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खालीं जातो. पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक असलेल्या पाण्यावर वरचें दूध कालवून पाजल्यास तान्ह्या मुलांचें अंग निळें पडून जीव धोक्यांत येतो. हें पाणी उकळून शुद्ध होत नाहीं. उलट पाणी आटतें व क्षार तेवढाच राहतो. म्हणून विहिरीजवळच्या शेतांत खत एकदम न घालतां हप्त्याहप्त्यानें घालावें. फवारणीचा पंप विहिरीच्या ओट्यावर कधींही धुऊं नये, आणि औषधाचे रिकामे डबे पडक्या विहिरींत टाकूं नयेत. पडकी विहीर म्हणजे भूगर्भाचें उघडें तोंड आहे. तींत टाकलेला कचरा गांवच्या विहिरीपर्यंत पोंचूं शकतो.

जंतुनाशासाठीं ब्लीचिंग पावडर टाकतात, पण अंदाजानें मूठभर फेंकणें म्हणजे औषध टाकणें नव्हे. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्यें घ्यावी. व्यासाचा वर्ग करून त्यास खोलीनें व ३.१४ नें गुणावें आणि ४ नें भागावें. येतील तितके हजार लिटर पाणी आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असेल, तर तें सुमारें २८ हजार लिटर होतें. दर हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर निदान अडीच ग्रॅम लागते. उघडी राहून कस गेलेली असेल अथवा पाणी गढूळ असेल, तर पांच ग्रॅमपर्यंत घ्यावी. बादलींत तिची लापशी करून पाणी भरावें, चुना तळीं बसूं द्यावा, आणि वरचें निवळ पाणी तेवढें विहिरींत सोडून ढवळावें. नंतर निदान एक तास पाणी भरूं नये. परीक्षेच्या द्रवाचे थेंब टाकून नमुना पिवळा झाला, तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें.

आरोग्य खातें पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतींस लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड देतें. आपल्या गांवास कोणतें कार्ड आहे, हें किती घरधन्यांस सांगतां येईल? लाल कार्ड ही लपविण्याची वस्तु नव्हे. तें चावडीवर लावण्याचा कागद आहे.

गांवानें काय करावें

शेतकरी बंधूंनो, ह्या सर्वांतून करावयाच्या गोष्टी थोड्याच निघतात. गांवच्या महसुली दफ्तरांतून गांवनकाशा घ्यावा, प्रत्येक पिण्याच्या उद्भवाभोंवतीं ५०० मीटरचें वर्तुळ प्रमाणानें काढावें, आणि त्यांत येणारे गट नंबर, विहिरी, बोअर, उकिरडे व शोषखड्डे लिहून काढावे. ही यादी ग्रामसभेंत वाचावी. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरांत आणि पुन्हा जानेवारींत व मार्चांत विहिरीची पातळी मोजून भिंतीवर लिहावी. पातळी मागील चांगल्या वर्षाहून किती खालीं आहे, हें ऑक्टोबरांतच कळलें, तर रबीचें पीक ठरवितां येतें. मार्चांत कळून उपयोग नाहीं, कारण तोंवर उसाची लागण झालेली असते.

वर्तुळांत ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांचा प्रश्न खरा आहे. गांवच्या तहानेचा सगळा भार त्यांनींच कां सोसावा? हें विचारणें रास्त आहे आणि त्याचें उत्तर गांवानें दिलें पाहिजे. वर्तुळाबाहेरील विहिरींतून त्यांस एक-दोन पाणी देण्याची सोय, ठिबक संचाच्या सरकारी साह्यांत त्यांस आधीं संधी, नालाबांध व शेततळ्यांचें काम आधीं त्यांच्या शिवारांत, अशा गोष्टी आपसांत ठरवितां येतात. मात्र त्यांनींही टंचाईच्या वर्षीं बागायत आवरती घेतली पाहिजे. विहीर गांवास मोकळी करून देणाऱ्याचें नांव गांव तीन पिढ्या घेतें, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

ऊस गेला तर एका वर्षाचें उत्पन्न बुडतें. गांवची विहीर गेली, तर बायका-मुलींचे दिवस पाण्यामागें जातात, मुलें आजारी पडतात, गुरें विकावीं लागतात आणि शेवटीं ज्या शेतासाठीं पाणी उपसलें, त्या शेतावर राबावयास गांवांत माणूस उरत नाहीं. म्हणून पिण्याच्या पाण्याची राखण हें आपल्या शेतीचेंच काम समजावें, आणि येत्या ग्रामसभेंत नकाशा व फूटपट्टी घेऊन त्यास आरंभ करावा.